अकरा रुपयांना जागा नसलेले पान : निधी गोळा करण्याच्या एका ऑनलाइन सेवेचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात सुरगाणा तालुक्यातील मुलींच्या एका वसतिगृहात सौर बंबाचे दोन संच बसवण्यासाठी १,६०,००० रुपये उभे करायचे होते. वसतिगृहात साठ मुली राहतात, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला त्यांच्या आंघोळी सुरू होतात आणि चुलीवर तापवलेले पाणी पहिल्या पंधरा-वीस जणींनंतर संपते. उरलेल्या मुली हौदातलेच पाणी अंगावर घेतात. नाशिकची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. मी चार वर्षांपासून गोल्फ क्लब मैदानावर नियमित धावते आणि जानेवारीतल्या एका अर्ध-मॅरेथॉनसाठी नावही नोंदवलेले होते, तेव्हा प्रत्येक किलोमीटरमागे ओळखीच्या लोकांकडून काही रक्कम कबूल करून घ्यावी आणि २१ किलोमीटर पुरे करून ती वसतिगृहाला द्यावी, असे ठरले. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाल्यापासून ही पद्धत आपल्याकडे ओळखीची झाली असली, तरी नाशिकमध्ये अजूनही “पळणार तुम्ही, मग पैसे आम्ही का द्यायचे?” हा प्रश्न ऐकावा लागतो आणि तो अगदीच गैरलागू आहे असे मला वाटत नाही.

पैसे मागण्यासाठी मी तीन साधने वापरली. पहिले म्हणजे निधी गोळा करून देणारी एक ऑनलाइन सेवा, दुसरे वसतिगृह चालवणाऱ्या नोंदणीकृत न्यासाचे छापील पावती पुस्तक, आणि तिसरे न्यासाच्याच बँक खात्याचा क्यूआर फलक व त्यासोबतचा, जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणारा बोलणारा डबा. हे परीक्षण मुख्यतः पहिल्या सेवेचे आहे. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा अशाच इतर सेवांनाही लागू पडाव्यात असे मला वाटते.

आधी जे चांगले आहे ते सांगते. पान अर्ध्या तासात तयार झाले. मराठी मजकूर विनातक्रार चढला, वसतिगृहाच्या हौदाचा फोटो नीट दिसला, आणि व्हॉट्सॲपवर पाठवण्याचा दुवा एका बोटाने तयार झाला. न्यासाचे नोंदणीपत्र आणि बँक खाते यांची पडताळणी दोन दिवसांत झाली. न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि आता अमेरिकेची नागरिक झालेल्या माझ्या मामेबहिणीचे कार्ड या पानाने स्वीकारले नाही, आणि तेही योग्यच होते. परदेशी नागरिकाची देणगी घ्यायची तर संस्थेकडे २०१० च्या परकीय योगदान कायद्याखालील नोंदणी असावी लागते, आणि ती या न्यासाकडे नाही. बहीण रागावली, पण सेवेने नियम पाळला याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

अडचण सुरू झाली ती पहिल्या नोंदीपासून. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा कारखाना असलेल्या माझ्या एका वर्गमित्राने पान उघडल्यावर दहाव्या मिनिटाला १,१०० रुपये भरले आणि मला निरोप पाठवला, “बोहनी केली बघ.” मी मनापासून आभार मानले. त्यानंतरच्या आठवड्यात गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या परिसरातल्या माझ्या परिचितांनी जे पैसे भरले, त्यात बरोबर १,१०० चा आकडा इतक्या वेळा आला की मला आधी पानात काही बिघाड आहे की काय अशी शंका आली. शेवटी एकूण ४८ नोंदी झाल्या आणि त्यांतल्या ३१ नोंदी १,१०० रुपयांच्या होत्या. त्यांत नुकताच बंगला बांधलेले होते, तसेच पतसंस्थेत लिपिक असलेलेही होते. लग्नात अहेराची वही ज्या टेबलावर असते तिथे उभे राहिलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल: आपल्या आधीच्याने काय लिहिले हे माणूस तिरप्या नजरेने पाहतो आणि मग पाकीट उघडतो. अहेराच्या वहीला निदान पान उलटते. येथे पहिल्या भाग्यवंताचा आकडा सर्वांच्या डोळ्यांसमोर चोवीस तास उघडा असतो.

सेवेने यात आणखी भर घातली आहे. देणगीदारांची यादी ती रकमेच्या उतरत्या क्रमाने लावते, नाव लपवण्याची सोय तीन पडद्यांनंतर एका कोपऱ्यात ठेवते, आणि किमान देणगी ३०० रुपये घेते. तेराव्या दिवशी एका शेजाऱ्यांनी २१,००० रुपये भरले आणि यादीत ते सर्वांत वर जाऊन बसले. त्याच संध्याकाळी बोहनीवाल्या वर्गमित्राने आणखी ९,९०० रुपये भरून आपली बेरीज ११,००० वर नेली. मला त्यात गैर काही दिसत नाही, मुलींना गरम पाणी मिळायचे ते मिळणारच. परंतु त्याची ऐपत पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच तेराव्या दिवशीही होती, आणि मधल्या काळात वसतिगृहाची गरजही बदललेली नव्हती. बदलली होती ती फक्त यादी.

आता कपातीचा हिशोब मांडते, कारण पान उघडताना मी तो नीट वाचला नव्हता आणि ही चूक माझी आहे. सेवा ५ टक्के शुल्क घेते, पैसे वळते करणारी यंत्रणा २ टक्के घेते, आणि या दोन्हींवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे १,००० रुपयांच्या देणगीतून ८२ रुपये ६० पैसे वजा होतात आणि न्यासाच्या खात्यात ९१७ रुपये ४० पैसे पोहोचतात. इथपर्यंत ठीक आहे. यंत्रणा चालवायला खर्च येतो. पण पैसे भरण्याच्या शेवटच्या पडद्यावर सेवा स्वतःसाठी १० टक्के ‘ऐच्छिक बक्षीस’ आधीच निवडून ठेवते, आणि ज्याला ते नको असेल त्याने एक बारीक अक्षरांतली यादी उघडून शून्य शोधायचे असते. माझ्या सासऱ्यांनी १,००० रुपये समजून १,१०० भरले आणि ते त्यांना दुसऱ्या दिवशी बँकेचा संदेश वाचताना कळले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ग्राहकाच्या संमतीवाचून खरेदीच्या शेवटी धर्मादाय देणगी जोडणे हा प्रकार नाव घेऊन समाविष्ट केलेला आहे. येथे उलटे आहे. धर्मादाय देणगीच्या शेवटी व्यापारी रक्कम जोडली जाते. हे नियमाच्या अक्षरात बसते की नाही ते कायदेपंडितांनी ठरवावे. सासऱ्यांचे मत मात्र स्पष्ट आहे आणि ते येथे छापण्यासारखे नाही.

कराच्या बाबतीतही एक गोष्ट या निमित्ताने पहिल्यांदा नीट ध्यानात आली. ज्याला सगळे ‘८० जी’ म्हणून ओळखतात त्या सवलतीत अशा न्यासाला दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाने १०,००० रुपये दिले तर उपकर धरून त्याचे सुमारे १,५६० रुपये वाचतात, म्हणजे खरी झळ ८,४४० रुपयांची. जो कर भरण्याइतके कमावतच नाही त्याने दिलेले एक्कावन्न रुपये पूर्ण एक्कावन्न रुपयांनाच पडतात. सरकार मोठ्या देणगीदाराच्या खांद्याला खांदा लावून उभे असते आणि छोट्याच्या मागे कोणी नसते, हे कोणाच्या वाईट हेतूमुळे घडत नाही, पण घडते. एका निवृत्त गृहस्थांनी मला तीन वेळा दूरध्वनी करून “प्रमाणपत्र मिळेल ना?” असे विचारून घेतले, न्यासाच्या मान्यतेच्या पत्राची प्रत मागवून घेतली, आणि चौथ्या वेळी कळवले की त्यांच्या सनदी लेखापालांनी त्यांना नव्या करप्रणालीत घातले आहे, तिथे ही सवलतच नाही, म्हणून यंदा राहू द्यावे. दुसऱ्या एका दुकानदारांनी ५,००० रुपये रोख पुढे केले आणि रोख २,००० च्या वर सवलत मिळत नाही म्हणून तीन नावांवर तीन पावत्या फाडायला सांगितल्या. मी नकार दिला. त्यांनी मग २,००० दिले आणि बाकीचे पैसे पुन्हा गल्ल्यात ठेवले.

पावती पुस्तकाची गोष्ट वेगळी आहे. न्यासाने रविवार कारंजाजवळच्या छापखान्यातून प्रत्येकी पन्नास पावत्यांची तीन पुस्तके छापून घेतली होती. वर नोंदणी क्रमांक, खाली ‘अक्षरी रुपये’ आणि मध्ये कार्बन घालायची स्थळप्रत. ती घेऊन मी आणि माझी धावणारी मैत्रीण एका बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात गेलो. गाडगे महाराज पुलाच्या परिसरात पैसे मागायला उभे राहताना थोडे अवघडल्यासारखे होते, कारण ज्याच्या नावाचा तो पूल आहे त्याने आयुष्यभर लोकांकडून मागून नाशिकसह ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः हातातल्या गाडग्यात खाल्ले. मखमलाबादकडून मेथी घेऊन आलेल्या एका बाईंसमोर आम्ही पहिल्यांदा थांबलो.

“कोणासाठी म्हणता?”

“सुरगाण्याच्या वसतिगृहातल्या मुलींसाठी, मावशी. गरम पाण्याची सोय करायची आहे.”

“अन् तुम्ही पळणार?”

“हो, एकवीस किलोमीटर.”

“मग एकवीस घ्या.”

त्यांनी गोणपाटाखालून कापडी पिशवी काढली. दहाच्या दोन नोटा मेथीच्या पाण्याने ओल्या होत्या आणि एकीला पान चिकटले होते. ते त्यांनी अंगठ्याने सोडवून पुन्हा जुडीवर ठेवले. एक रुपयाचे नाणे नव्हते, ते त्यांनी शेजारच्या लसणाच्या ढिगामागे बसलेल्या माणसाकडून उसने घेतले, आणि त्या माणसाने ते देताना “माझे बी लिहा दहा” असे सांगितले. पावती फाडू का विचारले, तर त्या म्हणाल्या, “फाडा की. मागल्या साली एक जण देवळाच्या नावाने घेऊन गेला, देऊळ काय अजून दिसलं नाही. पाणी तापलं का सांगा येऊन. मी बुधवारी इथंच असते.” ऑनलाइन पानावरच्या ४८ नोंदींपैकी एकानेही मला पुढे काय झाले हे विचारलेले नाही. त्यांना दोष देत नाही; पानाने त्यांना आपोआप एक आभाराचे पत्र पाठवले होते आणि त्यात काम फत्ते झाल्यासारखी भाषा होती.

या प्रसंगावरून गरीब माणूस मनाने श्रीमंत असतो वगैरे लिहिणे सोपे आहे आणि मी ते टाळते आहे, कारण माझ्या पुस्तकांत दुसऱ्या बाजूच्या गोष्टीही आहेत. द्वारका चौकात एका रिक्षाचालकाने, गणपतीपासून दत्तजयंतीपर्यंत आपल्याकडून कोणी कोणी काय काय नेले याची यादी ऐकवली आणि हात जोडले. त्याचे म्हणणे खरे होते. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी न मागता १०० रुपये दिले आणि मी पावती लिहूनही दिली, पण रात्री मला त्यावरून झोप लागेना. मी त्यांचा पगार देते, पावती पुस्तक त्यांच्या समोर ओट्यावर पडलेले होते, आणि माझ्या मैत्रिणी दुपारभर घरी येऊन त्याच ओट्याशेजारी पावत्या फाडत होत्या. त्यांना न देण्याची मुभा होती असे मी स्वतःला पटवू शकले नाही. दुसऱ्या दिवशी पैसे परत करण्याचा प्रयत्न केला तर त्या दुखावल्या. अखेर पुस्तक कपाटात ठेवले, जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. आणि श्रीमंतांकडे हात आखडलेलाच असतो असेही नाही: एका डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागाच्या दोन रुग्णांमध्ये मला आत बोलावले, साठ मुलींना दिवसाला किती लिटर पाणी लागेल आणि ढगाळ दिवशी काय करणार हे दोनच प्रश्न विचारले, २५,००० चा धनादेश लिहिला आणि नाव कोठेही येऊ नये असे सांगितले. ऑनलाइन पानावर नाव लपवणे अवघड असल्यामुळेच त्यांनी पावती मागितली होती, हे मला त्यांच्या स्वागतिकेकडून कळले.

गरीब अधिक देतो की श्रीमंत, यावर संशोधकांचेही एकमत नाही. २०१० साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी खालच्या आर्थिक-सामाजिक स्तरातील माणसे प्रयोगात अधिक उदार वागतात असे दाखवले आणि ते निष्कर्ष वर्तमानपत्रांनी उचलून धरले. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी मोठ्या पाहण्यांच्या आधारे याच्या नेमके उलट मांडले, आणि २०२० मध्ये मूळ प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा पहिला निष्कर्ष हाती लागला नाही. माझ्या तीन पावती पुस्तकांवरून तो वाद मिटणार नाही. एवढे मात्र दिसले की एकच माणूस कोणत्या साधनासमोर उभा आहे यावर त्याचा हात किती सैल होतो हे बऱ्याच अंशी ठरते.

बोलणाऱ्या डब्याने हे सर्वांत स्पष्ट करून दाखवले. एका रविवारी सकाळी मैदानाच्या फाटकापाशी आम्ही क्यूआर फलक आणि तो डबा मांडून बसलो. मनगटावर भारीतले घड्याळ बांधलेल्या एका धावपटूने फलक टिपला आणि डबा सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा म्हणाला, “एकवीस रुपये प्राप्त झाले.” भोवतालच्या चार-पाच जणांनी माना वळवल्या. त्यानंतर बराच वेळ १०१ च्या खाली काही आले नाही, आणि आम्ही खूश झालो. मग लक्षात आले की मैदान झाडणाऱ्या दोघी, चहाची किटली घेऊन फिरणारा मुलगा आणि फाटकावरचा रखवालदार हे सगळे, जे रोज आमच्याशी बोलतात, ते त्या दिवशी लांबून जात होते. डबा बंद केला आणि शेजारी झाकण असलेला जुना स्टीलचा डबा ठेवला. रखवालदार वीस रुपये टाकून गेला, आणि थोड्या वेळाने एक आजोबा पाचशेची नोट घडी घालून टाकून गेले. दोघांनाही कोणी पाहिले नाही असे त्यांना वाटले असावे. न्यासाच्या नियमाप्रमाणे नंतर दोघांनाही गाठून पावत्या द्याव्या लागल्या, ते सोडा.

कारखान्यांकडे जाण्याचा सल्ला अनेकांनी दिला. सातपूर आणि अंबडच्या बहुतेक लहान उद्योगांना तो लागू पडत नाही, कारण २०१३ च्या कंपनी कायद्यातील, नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याची सक्ती ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा ओलांडणाऱ्यांनाच आहे. ज्या एका मोठ्या कंपनीत गेलो तिथे सौजन्याने चहा मिळाला आणि न्यासाची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे कंपन्यांचा असा निधी घेण्यासाठी लागणारी नोंदणी, करून एप्रिलनंतर या असे सांगण्यात आले. थंडी एप्रिलपर्यंत थांबत नाही.

शेवटचा हिशोब असा आहे. ऑनलाइन पानावर ९२,३०० रुपये जमले, त्यातून कपात होऊन ८४,६७६ रुपये न्यासाला मिळाले. पावत्यांवर, म्हणजे रोख, धनादेश आणि क्यूआर मिळून, १३१ पावत्यांचे ४१,८७० रुपये आले. डॉक्टरांचे २५,००० वगळले तर उरलेल्या १३० जणांनी १६,८७० दिले. म्हणजे पैशाच्या बाजूने पाहिले तर ऑनलाइन सेवेने दुप्पट काम केले, आणि माणसांच्या बाजूने पाहिले तर पावती पुस्तकाने जवळजवळ तिप्पट. सेवेने सात कामकाजी दिवसांत पैसे वळते करण्याचे कबूल केले होते, ते प्रत्यक्षात तेविसाव्या दिवशी आले; मदतकक्षात यंत्र उत्तर देते आणि त्याला मराठी येत नाही. नऊ देणगीदारांचे पॅन क्रमांक सेवेने न्यासाकडे पोहोचवलेच नाहीत, त्यामुळे ३१ मेपर्यंत द्यायची करसवलतीची प्रमाणपत्रे त्या नऊ जणांना मिळू शकली नाहीत आणि बोलणी मला खावी लागली.

बाहेरगावी विखुरलेले नातेवाईक आणि जुने वर्गमित्र यांच्यापर्यंत पोहोचायचे असेल तर ही सेवा जरूर वापरावी. पाचपैकी अडीच तारे मी तेवढ्यासाठी देते. ३०० ची किमान मर्यादा काढली, यादी रकमेऐवजी तारखेप्रमाणे लावली आणि बक्षिसाचा रकाना शून्यावर ठेवला तर चार देईन. हे तिन्ही बदल मी सेवेला लेखी कळवले आहेत. गावातल्या माणसांकडे मात्र पुस्तक घेऊन स्वतः जावे, आणि ज्याला आपल्याला नाही म्हणणे अवघड जाईल अशा माणसासमोर ते उघडू नये.

वसतिगृहात एक संच फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बसला आणि दुसऱ्यासाठी आगाऊ रक्कम भरली आहे. ३३,४५४ रुपये अजून कमी आहेत. गच्चीवरच्या नळ्यांचा फोटो घेऊन मी बुधवारच्या बाजारात गेले होते. मेथीवाल्या मावशींनी तो हात पुसून हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि दुसरा कधी बसणार ते विचारले. दिवाळीनंतर ऑनलाइन पान पुन्हा उघडणार आहे, आणि या वेळी पहिली नोंद कोणाची वाट न पाहता मीच ५,००० रुपयांची करणार आहे.